नुसतं 'नॅविक्युला एसपी.' लिहून कसं चालेल?

गणेश चवथीच्या आधी एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचायला मिळाला. कुठला प्रकल्प, कुणाचा, ते सोडा, आमच्या गोव्यातल्या व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या अंगाला होणार आहे एवढं कळलं तरी पुरे. चांगला जाडजूड अहवाल, रंगीत नकाशे वगैरे, बिबटे, गवे, धनेश, फुलपाखरं, मासे, सगळ्यांच्या याद्या नीट लावलेल्या, कुणीतरी फिरून बघितलंय हे कळतं. मग येतं पाण्यातलं सूक्ष्म जीवन, त्याला अर्धं पान. त्यात डायटम म्हणून चार नावं: नॅविक्युला एसपी., निट्झ्शिया एसपी., गोम्फोनेमा एसपी., सिनेड्रा एसपी. संपलं.

'एसपी.' म्हणजे स्पीशीज, म्हणजे 'यातली कुठली तरी एक, आम्ही काय बघत बसलो नाही'. नॅविक्युला हे जीनसचं, म्हणजे प्रजातींच्या गटाचं, नाव आणि त्या एकट्यात शेकडो प्रजाती आहेत. उद्या जनगणनेचा माणूस आमच्याकडे येऊन दारातून डोकावून 'गावकर, कुणीतरी एक' असं लिहून गेला तर चालेल का? आमच्याकडे अख्खा वाडा गावकरांचा आहे.

डायटम म्हणजे काय हे थोडक्यात सांगते, माहीत असलेल्यांनी पुढं जावं. पाऊस सरला की व्हाळातल्या दगडांवर तपकिरी-सोनेरी बुळबुळीत थर येतो ना, ज्याच्यावरून आपण सगळेच कधी ना कधी आपटलोय, त्यात बहुतेक हेच असतात. एका पेशीचं शैवाल, पण अंगाभोवती चक्क काचेची डबी, सिलिकाची, म्हणजे वाळूत जे असतं तेच. मराठीत यांना करंडक वनस्पती म्हणतात आणि हा शब्द ज्यानं कुणी काढला त्याला माझा नमस्कार, कारण ती खरोखरच कुंकवाच्या करंड्यासारखी असते, एक तळ आणि त्याच्यावर घट्ट बसणारं झाकण. बहुतेकांची लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागात बसते. जगात दरवर्षी तयार होणाऱ्या ऑक्सिजनचा साधारण पाचवा हिस्सा यांचा, असा अंदाज आहे, अर्थात त्यात समुद्रातल्यांचा वाटा मोठा. आणि एकूण प्रजाती किती, तर जाणकार म्हणतात किमान ३० हजार, बहुधा लाखाच्या घरात, म्हणजे बऱ्याच अजून बिननावाच्याच आहेत.

आता कुणी म्हणेल, इतक्या बारीक गोष्टीचं नाव नीट असलं काय आणि नसलं काय, गोव्याला दुसरे प्रश्न नाहीत? आहेत की. पण त्यातले निम्मे पाण्याचेच आहेत. खाणीची लाल माती व्हाळात येते, साळ नदीत सांडपाणी जातं, म्हादई नदीचं पाणी कर्नाटकाकडे वळवायचं भांडण तर संपतच नाही. पाण्याची बाटली भरून लॅबला पाठवली की ती फक्त बाटली भरली त्या मिनिटाचं सांगते. रात्री कुणीतरी घाण सोडली, सकाळी वाहून गेली, दुपारी तुम्ही बाटली भरली, रिझल्ट छान. दगडावरचे डायटम मात्र तिथंच बसून सगळं सोसतात, त्यामुळे मागच्या काही आठवड्यांत पाण्याचं काय झालं हे कोण टिकलं आणि कोण गेलं त्यावरून कळतं. युरोपात २००० साली पाण्याचा मोठा कायदा झाला तेव्हापासून तिथल्या देशांत नद्यांची तब्येत बघायला डायटम रीतसर वापरतात. आणि हे सगळं प्रजातीवर चालतं, जीनसच्या नावावर नाही. निट्झ्शिया पेलिया नावाची आहे ती गटारात पण मजेत राहते, तिच्याच जीनसमधल्या दुसऱ्या कित्येकांना ते पाणी मानवत नाही. गोम्फोनेमात तसंच. म्हणजे 'निट्झ्शिया एसपी.' लिहिणं हे काहीच न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी बघितलंय.

तर मुद्दा हा की गोव्यात गोड्या पाण्यातल्या डायटमना नीट नावं मिळाली पाहिजेत, नवीन असतील तर नवीन म्हणून, आणि ते नाव देताना आकार आणि डीएनए हे दोन्ही एकाच पेशीच्या वंशाचे असले पाहिजेत. नुसत्या आकारावर नाही, नुसत्या डीएनएवर तर अजिबातच नाही. आणि यासाठी लागणारा पैसा मशीनमध्ये नको, माणसांत घाला. शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना पटणार नाही, माझ्या भाच्याला तर नाहीच, त्याच्याकडे येते.

आधी आकाराचं. पेशी ॲसिडमध्ये नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळायच्या, आतलं सगळं जळून जातं, काचेच्या डब्या तेवढ्या राहतात. त्या धुवून धुवून ॲसिड घालवायचं, मग एका खास राळेत बसवून स्लाइड करायची, कारण पाण्यात ठेवल्या तर काच जवळजवळ दिसतच नाही. मग शंभराची तेलाची लेन्स लावून रेघा मोजायच्या, १० मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, किती. एमएस्सीला असताना मी हे केलंय, ॲसिडच्या वाफेनं डोळे चुरचुरायचे आणि दुपारी जेवायला बसलं तरी पानावर रेघाच दिसायच्या. रेघा किती, मधली फट सरळ का वाकडी, टोकाला छिद्रांची जाळी आहे का, दोन्ही टोकांना आहे का एकाच, यावरून नाव ठरतं. छिद्रं बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, साध्या मायक्रोस्कोपची धाव तिथपर्यंत नाही.

आपल्या बाजूला हे काम ज्यांनी सगळ्यात जास्त केलं ते हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी. गेल्या शतकातल्या पन्नास-साठच्या दशकात कोल्हापूर, धारवाड, जोगचा धबधबा, नंतर गुजरातेत अहमदाबाद, जुनागढ, जिथं गेले तिथलं पाणी काढून बघितलं, चित्रं काढली, कितीतरी नवीन प्रजातींना नावं दिली. कोल्हापूर, धारवाड आणि जोग म्हणजे आमच्या कुंपणाला लागूनच की. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नव्हता, हातानं काढलेली चित्रं होती, पण स्लाइड्स त्यांनी जपल्या आणि म्हणूनच २०१२ साली कोल्हापूरच्या त्यांच्या गोम्फोनेमांची नव्यानं तपासणी करता आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले लोक आज पश्चिम घाटात हेच काम पुढं नेतायत, अलीकडे त्यांनी इंडिकोनेमा नावाचा अख्खा नवीन जीनसच जाहीर केला, गोम्फोनेमाचा नातेवाईक, पण याच्या दोन्ही टोकांना छिद्रांची जाळी आहे, गोम्फोनेमाला ती एकाच टोकाला असते. त्यातली एक प्रजात पूर्व घाटातली, एक पश्चिम घाटातली. म्हणजे इथं नवीन काही नाही असं म्हणायला जागाच नाही.

मधली कितीतरी वर्षं आपल्याकडे उलटंच चाललं होतं. बास बेकिंग नावाच्या डच शास्त्रज्ञानं १९३४ साली मांडलं की सूक्ष्म जीव सगळीकडे असतातच, कुठला वाढेल ते तिथली परिस्थिती ठरवते. वाक्य सोपं, सगळ्यांना आवडलं, आणि त्याचा आपल्याकडे अर्थ असा झाला की मध्य युरोपच्या नद्यांवर लिहिलेली जर्मन पुस्तकं उघडायची आणि आपल्या व्हाळातल्या डायटमला त्यातलं जवळचं नाव चिकटवायचं. थोडं वेगळं दिसलं तर 'फरक असतोच'. मी पण केलंय हे, खोटं कशाला बोलू, परीक्षा तोंडावर होती आणि सरांकडे तेवढंच एक पुस्तक होतं, ते पण झेरॉक्स.

पण आकारावर भरवसा ठेवणाऱ्यांची खरी गोची वेगळी आहे. करंड्याचं उदाहरण परत घ्या. पेशीचे दोन भाग होतात तेव्हा एकीला झाकण जातं, एकीला तळ, आणि दोघीजणी मिळालेल्या भागाला झाकण समजून आत नवीन तळ बनवतात. म्हणजे जिला मूळचा तळ मिळाला तिचा करंडा आईपेक्षा लहान. तिच्या लेकीचा आणखी लहान. असं पिढ्यानपिढ्या आकसत जातात, मग कधीतरी लैंगिक प्रजनन होऊन परत मोठी पेशी तयार होते आणि चक्र नव्यानं सुरू. १८६९ साली मॅकडोनाल्ड आणि फिट्झर या दोघांनी वेगवेगळं हे लिहून ठेवलंय. आता गंमत अशी की आकसताना नुसती लांबी कमी होत नाही, आकारही बदलतो, लांबट होती ती शेवटी गोलसर होते. त्यामुळे आजी आणि पणती एका स्लाइडवर बघितल्या तर दोन प्रजाती वाटाव्यात. आणि तशा वाटल्याही आहेत, जुन्या काळी एकाच प्रजातीला दोन दोन तीन तीन नावं दिली गेली ती अशीच.

उलट्या बाजूचं उदाहरण एडिंबराचं. तिथल्या ब्लॅकफर्ड तळ्यात सेलाफोरा पुप्युला नावाची एक प्रजात सगळ्यांना माहीत होती, कुणाला काही शंका नव्हती. डेव्हिड मान यांनी वर्षानुवर्षं तिच्याकडे बघितलं, मापं घेतली, पेशी वाढवल्या, एकमेकींशी जुळतात का बघितलं, तर जुळेनात. एकाच तळ्यात राहून एकमेकांत सोयरीक नाही. २००४ साली त्या एका नावातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच नवीन प्रजाती वेगळ्या काढल्या. लोकांच्या वर्दळीतल्या शहरी तळ्याची ही कथा, तर मग गोव्याच्या घाटातल्या नेत्रावळीच्या किंवा सुर्लाच्या झऱ्यांचं काय.

आणि तिसरी गोष्ट, जी गोव्यात विशेष लक्षात ठेवायला पाहिजे. पाण्यात जड धातू असले की डायटमच्या डब्या वेड्यावाकड्या होतात, मधेच खाच पडते, कंबर वाकते, रेघा विस्कटतात. ही विकृती, प्रजात नव्हे. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या खाणपट्ट्यात लोह आणि मँगनीजच्या खडकावरून पाणी उतरतं, तिथं कुणी हौशी माणूस स्लाइड करून बसला आणि एक वाकडा नमुना दिसला की लगेच 'नवीन प्रजात सापडली', पेपरात फोटो, गावात सत्कार. फोटोत ते वेगळं दिसतंय हे खरंच आहे, पण त्याची जातभाई पेशी सरळ आहे आणि दोघींचा डीएनए तोच हे कुणी तपासलं? इथं डीएनएनं आकाराचा कान धरायला पाहिजे.

म्हणजे डीएनए हवाच. माझा भाचा बायोटेक शिकतो, चवथीला घरी आला होता, गणपतीवरची माटोळी बांधून झाल्यावर मी माझ्या जुन्या मायक्रोस्कोपवरची धूळ पुसत होते तर म्हणतो, "मावशी, हे आता म्युझियममध्ये दे. दगड ब्रशनं घासायचा, ते पाणी पाठवायचं, यादी मेलवर येते." त्याला म्हटलं यादी येते ते कळलं, कशाची येते ते सांग. त्याची माझी चांगली तासभर जुंपली, नेवऱ्या गार झाल्या.

तो म्हणतो ते खोटं नाही. दगडावरच्या थरातून सगळ्यांचा डीएनए एकदम काढतात, मग त्यातला एक ठरलेला तुकडा वाढवतात, डायटमसाठी बहुतेक आरबीसीएल नावाच्या हरितलवकातल्या जीनचा ३१२ अक्षरांचा तुकडा, नाहीतर केंद्रकातल्या १८एस नावाच्या जीनचा व्ही४ भाग. मशीन लाखो तुकडे एका वेळी वाचतं. मग कॉम्प्युटर प्रत्येक तुकडा घेऊन ओळखीच्या तुकड्यांच्या संग्रहात शोधतो, हा कुणाचा. सगळं येऊन अडतं ते या संग्रहापाशी. डायटमचा सगळ्यात सांभाळलेला संग्रह फ्रान्समधून चालतो, काम उत्तम आहे, खुलं आहे, पण त्यात भरणा तिकडच्या पाण्याचा. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपनं असाच एक नमुना पाठवला होता, कुठल्या लॅबला ते जाऊ दे, अहवाल आला तो मी बघितला. कितीतरी ओळींच्या पुढं 'डायटम, पुढचं नाव जुळलं नाही'. आणि जिथं जुळलं तिथं युरोपातली नावं. म्हणजे जर्मन पुस्तकाच्या झेरॉक्सची जागा फ्रेंच संग्रहानं घेतली, एवढाच काय तो फरक.

इथं भाच्यानं एक चांगला दगड टाकला, तो मी लपवणार नाही. हिंदी महासागरात मायोत नावाचं फ्रान्सच्या ताब्यातलं बेट आहे, आपल्यासारखंच उष्ण, तिथल्या नद्यांवर २०१७ साली अभ्यास झाला, तेच नमुने मायक्रोस्कोपनं बघितले आणि डीएनएनंही. प्रजातींच्या याद्या फारच थोड्या जुळल्या, कारण संग्रह अपुरा. पण पाणी किती बिघडलंय याचं उत्तर मात्र दोन्ही पद्धतींनी जवळपास सारखंच आलं. म्हणजे बघ मावशी, नावाशिवाय काम झालं की नाही!

झालं. प्रदूषण मोजायचं एवढंच काम असेल तर खरंच झालं, आणि त्यासाठी डीएनए वापरा, मी आडवी येणार नाही. पण आपल्याकडे सूक्ष्म जिवांची यादी मागतात ती फक्त घाण मोजायला नसते. प्रकल्प येतो तेव्हा प्रश्न असतो की इथं असं काही आहे का जे दुसरीकडे नाही. त्या प्रश्नाला 'नाव जुळलं नाही' हे उत्तर दोन्ही बाजूंनी वापरता येतं. आम्ही म्हणू बघा, नवीन आहे, वाचवा. ते म्हणतील संग्रह अपुरा आहे, नवीन कशावरून, असेल कोल्हापूरला पण. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असेल, कारण गांधींनी कोल्हापुरात ज्याला नाव दिलं त्याचा डीएनए संग्रहात नसेल तर तीच प्रजात फोंड्यात सापडली तरी मशीनला ओळख पटणार नाही. जुनं नाव चित्राला बांधलेलं, नवीन तुकडा मशीनला बांधलेला, दोघांची गाठ कुणी घालून दिलेलीच नाही. आणि मशीनची मोजणी पण सरळ घेऊ नये, मोठ्या पेशीत त्या जीनच्या प्रती जास्त असतात, त्यामुळे दोन-चार थोराड पेशी असल्या तरी यादीत त्यांचाच गोंगाट आणि बारीक हजारोंनी असल्या तरी कोपऱ्यात.

ही गाठ घालायची कशी ते गुपित नाही. काचेची बारीक ओढलेली नळी घ्यायची, मायक्रोस्कोपखाली एक, एकच जिवंत पेशी उचलायची, स्वच्छ पोषक पाण्यात सोडायची, जगली तर वाढते. बऱ्याच जगत नाहीत, आणि स्वच्छ झऱ्यातल्या तर फारच नखरेल. वाढल्या की अर्ध्या पेशींचा डीएनए काढायचा, अर्ध्या ॲसिडमध्ये उकळून स्लाइड करायची. आता स्लाइडवरचा आकार आणि ती अक्षरं एकाच आईची लेकरं, यात वाद नाही. एकीचे हजार नमुने असल्यामुळे मोठ्या-लहान, सरळ-वाकड्या सगळ्या मापांचा पट्टाही थोडा कळतो. मग त्याच झऱ्यातल्या रानटी नमुन्याशी ताडून बघायचं. हे केल्यावर 'ही नवीन' असं म्हटलं की त्याला वजन येतं.

नामकरणाचा नियमही इथं मायक्रोस्कोपच्या बाजूनं आहे. शैवाल, बुरशी आणि वनस्पतींना नावं देण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे, २०१२ पर्यंत तर शैवालाचं वर्णन लॅटिनमध्ये लिहायला लागायचं, आता इंग्रजी चालतं. पण नाव ज्याच्यावर टांगायचं तो नमुना लागतो, डायटमच्या बाबतीत बहुतेक एक स्लाइड, कुठल्या तरी संग्रहात नंबर घालून ठेवलेली. नुसती डीएनएची अक्षरं तो नमुना होऊ शकत नाहीत. काही लोकांना हे जुनाट वाटतं. मला नाही वाटत. अक्षरं फाइलमध्ये असतात, स्लाइड कुणीही साठ वर्षांनी परत काढून बघू शकतं, गांधींचं कामच त्याचा पुरावा आहे.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. उचललेल्या पेशीचं कल्चर वाढलंच नाही, डीएनए मिळालाच नाही, आणि तरी भरपूर पेशींची मापं आहेत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आहेत, जागा नीट लिहिलीय, तर नाव द्यायला हरकत घेऊ नये. नाहीतर ज्याच्याकडे लॅब आहे त्यालाच नाव देण्याचा हक्क असं होईल आणि आपल्याकडच्या कॉलेजातल्या एखाद्या मास्तराचं काम कायमचं कपाटात राहील. फक्त त्यानं थोडं ओलं सामान अल्कोहोलमध्ये जपून ठेवावं, पुढच्याला डीएनए काढता येईल एवढं.

गोव्यात हे करायला काय नाही? समुद्राला दोनापावलाची एनआयओ आहे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, १९६६ साली स्थापन झालेली, तिथं समुद्रातल्या डायटमवर खूप काम झालंय. विद्यापीठ आहे. गोडं पाणी मात्र मधल्या मधे लटकतं, ते कुणाचंच पूर्णवेळ काम नाही. आणि गोव्याचं गोडं पाणी म्हणजे एक प्रकार थोडाच आहे, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पावसात भरणारी आणि दिवाळीनंतर सुकणारी डबकी, कुळागराचे (पोफळीच्या बागांचे) पाट, देवळांच्या तळ्या, घाटातून उतरणारे झरे, साळावलीचं धरण, भरून राहिलेल्या चिरेखणी, आणि खाली खाजनाकडे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांकडे, जाता जाता खारं होत जाणारं पाणी. इतक्या छोट्या राज्यात इतक्या तऱ्हा, आणि सड्यावरचं डबकं म्हणजे बेटच ते, शेजारच्या सड्याशी त्याचा काही संबंध नसतो. चिरेखणींवरून आठवलं, पावसात तिथं पोरं बुडतात, दरवर्षी बातमी येते. बुडूनच मृत्यू झाला का हे बघायला हाडाच्या मज्जेत डायटम शोधतात आणि ते त्या पाण्यातल्या डायटमशी ताडतात. या चाचणीवर वाद आहेत, पण ती करायची तर स्थानिक डायटम ओळखता आले पाहिजेत, तिथं पण 'एसपी.' लिहून काय सिद्ध होणार?

माणसांत पैसा घाला म्हटलं ते यासाठी. मशीनला नमुना कुठंही पाठवता येतो, ते काम दरवर्षी स्वस्तच होत चाललंय. पेशी उचलणारा हात मात्र पाठवून मिळत नाही, तो तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि तयार झाला की त्याला नोकरी नसते, म्हणून तो औषधांच्या कंपनीत जातो, नाहीतर माझ्यासारखा अकरावी-बारावीला शिकवतो. दोन-तीन कायमच्या जागा, एक थंड खोली, स्लाइडची कपाटं, आणि प्रत्येक नमुन्याला एकच नंबर, स्लाइडला तोच, कल्चरला तोच, डीएनएला तोच. यात कुठं फीत कापता येत नाही ही एकच अडचण.

कायदा तर अर्धा तयारच आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या ३९ व्या कलमात लिहिलंय की नवीन काही सापडलं तर ठरवून दिलेल्या संग्रहाला कळवायचं आणि नमुना जमा करायचा. मग पर्यावरण अहवालवाल्यांना हेच का लावू नये? नवीन असो वा नसो, यादीत डायटमचं नाव घातलं तर त्याची स्लाइड राज्याच्या संग्रहात जमा, कुणालाही जाऊन बघता येईल अशी. 'एसपी.' लिहायचं असेल तर लिहा, पण स्लाइड द्या, आम्ही बघून सांगतो कुठली ती. मला खात्री आहे की असा नियम झाला तर पहिल्या वर्षी निम्म्या अहवालांतून डायटमचं अर्धं पान गायबच होईल, आणि ते सुद्धा चांगलंच, निदान कळेल तरी की कुणी बघितलं नव्हतं.

म्हादईचं बघा. पाणीवाटपाच्या लवादाच्या २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३, हे आकडे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पाणी किती यावर इतकी वर्षं वकील भांडले, आणि पाण्यात कोण यावर कुणी तोंड उघडलं तर ते वाघ किंवा मासा इथपर्यंतच जातं. दिसणाऱ्यांची बाजू घ्यायला लोक मिळतात. वरच्या झऱ्यांतलं पाणी कमी झालं, प्रवाह मंद झाला, की सगळ्यात आधी दगडावरची वस्ती बदलणार, आणि आधी कोण होतं हे लिहूनच ठेवलं नसेल तर बदललं हे सांगणार कोण आणि कशाच्या जोरावर.

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि प्रत्येकीनं जैवविविधतेचं रजिस्टर ठेवायचं असतं. आमच्या पंचायतीतल्या बैठकीला मी गेले होते, बरोबर एक स्लाइड आणि शाळेचा मायक्रोस्कोप नेला होता, पंच मंडळींनी एकेकानं डोळा लावून बघितलं, एक म्हातारे म्हणाले, "हें तर होडयेसारकें दिसता गो," आणि ते अगदी बरोबर होतं, नॅविक्युला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी होडीच. मग रजिस्टर लिहिणाऱ्या मुलानं पेन काढलं आणि विचारलं, बाई, हे झाडांत लिहू का प्राण्यांत? मी म्हटलं खरं तर दोन्हींत नाही. त्यानं जरा विचार केला, पानं मागं-पुढं केली, आणि 'इतर' मध्ये लिहिलं: डायटम, एक. मी म्हटलं एक नव्हे रे, एका स्लाइडवरच पंधरा-वीस तऱ्हा आहेत. तो म्हणाला मग नावं सांगा, लिहितो.

सहा सांगता आली, ती पण जर्मन पुस्तकातली.